काखेत कळसा : आपल्याच जिल्ह्यातील जुन्या राजधानीची सहल



गळीत हंगाम सुरू होण्याआधी दरवर्षी आपल्या शेतकी विभागातर्फे सभासदांची अभ्यास सहल निघते. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कोल्हापूर-सांगलीकडचे चांगले प्लॉट आणि परतीच्या वाटेवर जोतिबा-अंबाबाईचे दर्शन, असा तिचा ठरलेला रस्ता. यंदा आम्ही सुचविले की, त्याखेरीज एक दिवस आपल्याच नाशिक जिल्ह्यासाठी काढावा आणि सिन्नर पाहावे. सुचविताच गट बैठकीत हशा पिकला.

"साहेब, सिन्नरला काय बघायचं? माझी मधली लेक दिलीय तिथं. महिन्याला जातो मी," आमचे एक ज्येष्ठ सभासद नाना म्हणाले.

"नाना, गोंदेश्वर पाहिलाय का?"

"लांबून. आत कशाला जायचं? घाई असती."

नानांना हसण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. ऊसनोंदी घ्यायला आणि बेणेमळे पाहायला आम्ही त्या रस्त्याने पंधरा-वीस वर्षे येजा केली. पण आत पाऊल टाकले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तेव्हा चाळीस-बेचाळीस सभासद, त्यात सात-आठ भगिनी, अशी बस भरून आम्ही निघालो. त्या दिवशी जे पाहिले ते ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी येथे लिहीत आहोत.

सिन्नर ही कोणाची राजधानी?

देवगिरीचे यादव आपण शाळेत शिकलो. शके १२१२, म्हणजे सन १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा देवगिरीच्या गादीवर रामचंद्रदेव यादव होता. परंतु देवगिरी ही यादवांची नंतरची राजधानी. त्यांचे मूळ बस्तान आपल्या नाशिक भागातच होते. घराण्याचा मूळ पुरुष दृढप्रहार. त्याचे चंद्रादित्यपूर म्हणजे आजचे चांदवड, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा मुलगा सेऊणचंद्र याने नवव्या शतकात सेऊणपूर वसविले. त्याच्याच नावावरून या मुलखाला सेऊणदेश म्हणू लागले. जुन्या लेखांतील सिंदीनगर म्हणजे आपले सिन्नर. येथून यादवांनी पिढ्यानपिढ्या कारभार केला. आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून.

पुढे चालुक्य दुबळे झाले. भिल्लम पाचवा याने सन ११८७ च्या सुमारास स्वतंत्र राज्य उभे केले आणि राजधानी देवगिरीला नेली. राजा गेला, दरबार गेला. सिन्नर मागे राहिले. आज तेथे राजवाड्याची भिंतसुद्धा दाखवायला नाही. मग पाहायचे काय? तर राजाच्या मागे जे उरले ते.

गोंदेश्वर

सकाळी नऊच्या सुमारास आम्ही आवारात शिरलो आणि बसमधली बडबड आपोआप थांबली. मोठ्या चौथऱ्यावर मधोमध शिवाचे मुख्य देऊळ, समोर नंदीचा मंडप आणि चार कोपऱ्यांना विष्णू, सूर्य, पार्वती व गणपती यांची चार लहान देवळे. याला शिवपंचायतन म्हणतात. सगळे काम आपल्या मातीखालच्या काळ्या दगडाचे. अकराव्या-बाराव्या शतकातले हे देऊळ गोविंदराज नावाच्या यादव पुरुषाने बांधविले अशी परंपरा सांगते.

कळसाकडे पाहताना घाई करू नये. चारी बाजूंना खालपासून वरपर्यंत चार सरळ पट्टे चढत गेलेले दिसतील. त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या आहेत, खाली मोठ्या आणि वर बारीक होत गेलेल्या. या पद्धतीला भूमिज म्हणतात. आमच्याबरोबरचा एक तरुण सभासद म्हणाला, "साहेब, हे तर उसाच्या पेऱ्यांसारखं दिसतंय. बुडाला जाड, शेंड्याला बारीक." शास्त्रात ही उपमा कोठे सापडणार नाही, पण एकदा ऐकल्यावर आम्हांला तो कळस दुसऱ्या तऱ्हेने पाहता येईना.

आपल्याकडे असे प्रत्येक देऊळ हेमाडपंती म्हणून ओळखले जाते. वास्तविक हेमाद्रिपंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. गोंदेश्वर त्याच्या आधीचे. तेव्हा श्रेय पंतांना न देता नाव ठाऊक नसलेल्या त्या पाथरवटांना द्यावे, हे बरे.

देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आत पूजा चालते, बाहेर हिरवळ आहे, मुलेबाळे घेऊन तासभर निवांत बसता येते. नाना सभामंडपातल्या एका खांबाजवळ बराच वेळ उभे होते. खांबावरून हात फिरवीत म्हणाले, "लेकीकडं येतो तर चहा पिऊन माघारी. पुढल्या खेपेला नातवाला घेऊन येतो इथं."

ऐश्वर्येश्वर आणि गारगोटी

गोंदेश्वर पाहून लोक परत फिरतात. तसे करू नये. सिन्नरातच ऐश्वर्येश्वराचे एक लहान देऊळ आहे. गावात त्याला ऐश्वरेश्वर असेही म्हणतात. त्याचे शिखर काळाच्या ओघात गेले; परंतु आतले मकरतोरण पाहण्यासारखे आहे. दोन्ही बाजूंना मगरीसारखी तोंडे आणि मध्ये बारीक कोरीव काम. मोठ्या देवळात नजर फिरत राहते, येथे ती एका जागी थांबते.

माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचे खनिज संग्रहालय आहे. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळीत तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक तेथे मांडलेले आहेत. कोणी पांढरे, कोणी गुलाबी, कोणी हिरवट. हे पाहून आमच्यातल्या दोघा-तिघांनी कपाळाला हात लावला. विहिरीचे खोदकाम चालू असताना सुरुंगाबरोबर असे चकाकणारे खडे निघाले होते आणि ते त्यांनी मुरमाबरोबर रस्त्यावर टाकले होते. ज्यांच्या विहिरीचे काम चालू असेल त्यांनी यापुढे ढिगाऱ्याकडे जरा डोळे उघडून पाहावे.

देवनदीचे पाट

जेवण आटोपल्यावर आम्ही देवनदीकडे गेलो. प्रवासी या नदीवर कधी येत नाहीत. परंतु आपण शेतकरी. राजधानी पाहिल्यावर तिला पाणी कोठून मिळे हे पाहिल्याशिवाय परतणे आपल्याला शोभत नाही.

सिन्नरचा पूर्व भाग पर्जन्यछायेत आहे. पाऊस नाशिकवर पडतो तसा येथे पडत नाही. म्हणून देवनदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे बांधून, नदीचे पाणी पाटाने शेतात नेण्याची व्यवस्था ब्रिटिश अमदानीत झाली. यात पंप नाही, वीज नाही. बंधाऱ्याला अडलेले पाणी आपल्या उताराने पाटात शिरते. आपल्याच जिल्ह्यात बागलाणात मोसम-आरमच्या काठी जी फड पद्धत होती, तिचेही तत्त्व हेच. तेथे एका फडात सगळ्यांचे एकच पीक असे, एखादा फड उसाचाही असे, आणि पाणी सोडण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे असे.

पुढे विहिरी वाढल्या, मोटारी आल्या. पाट गाळाने भरले, बंधारे फुटले आणि पाट कोणाचा हेच कोणाला आठवेनासे झाले. अलीकडच्या काळात 'युवा मित्र' या सिन्नरच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन यातले अनेक बंधारे आणि पाट पुन्हा वाहते केले. पाणी वापराच्या संस्था काढल्या. काठावर भेटलेल्या एका शेतकऱ्याला आम्ही विचारले, "दुरुस्तीला अवघड काय गेलं?" तो म्हणाला, "दगड बसवणं सोपं हो. पाट सगळ्यांचा हाये, हे लोकांना पटवणं अवघड."

देवगिरीचेही पुढे काय झाले ते आपण जाणतोच. सन १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली, आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. सन १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी तेथे आणली, दौलताबाद नाव दिले आणि काही वर्षांनी पुन्हा दिल्ली गाठली. राजधान्या अशा उठतात आणि बसतात. पाट मात्र गावाने सांभाळला तरच राहतो.

पांडवलेणी : दगडावरची खतावणी

गोंदेश्वर बांधायला किती खर्च आला, पूजेअर्चेची तजवीज कशी केली, ते सिन्नरला आम्हांला कोठे वाचायला मिळाले नाही. अशा गोष्टींची नोंद पाहायची तर नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत जावे लागते. मुंबई रस्त्याला शहरापासून आठेक किलोमीटरवर हा डोंगर आहे. पायऱ्या चढून वीस मिनिटांत वर पोचता येते. लेणी उत्तरेकडे तोंड करून असल्याने दुपारीही सावली मिळते.

पांडवांचा आणि या लेण्यांचा संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची पावसाळ्यात राहण्याची ठिकाणे. चोवीस लेणी आहेत. जुन्या लेखांत डोंगराचे नाव त्रिरश्मी असे येते. त्या काळी सातवाहनांची राजधानी गोदावरीवरच, पण खाली पैठणला होती आणि या भागाचा कारभार गोवर्धनातून चाले. नाशिकजवळचे आजचे गोवर्धन गाव ते हेच, असे मानतात. अठरा क्रमांकाच्या चैत्यगृहावर एका गावाने मिळून केलेल्या दानाची नोंद आहे आणि तीत नाशिकचे नावही आहे. म्हणजे लेणी कोरायला राजेच हात लावत होते असे नाही, गावेही लावत होती.

दहा क्रमांकाच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. आम्ही आधी पुस्तकातून त्याची टिपणे काढून नेली होती. ती वाचू लागताच सगळे खाली बसले.

या उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांनी मिळून चालविलेली संस्था. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी दरसाल बारा बारा कार्षापण द्यायचे. हजाराच्या व्याजातून त्यांचा किरकोळ खर्च भागवायचा. आणि अट अशी की मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. हे सगळे निगमसभेत जाहीर करून, फलकावर नोंदवून, मग दगडात कोरले.

नानांनी तिथल्या तिथे बोटांवर हिशेब केला. "दोन हजाराचे महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस जणांना बारा बारा, दोनशे चाळीस. बरोबर हाये की! पै न पै जुळते." मग जरा थांबून आमच्याकडे वळले. "म्हणजे साहेब, ही बिनपरतीची ठेवच झाली की."

"हो नाना."

"मग आमच्या बिलातून ठेव कापतात, तिचा हिशेब कुठं कोरलाय?"

सगळे हसले. आम्हांला मात्र हसू आले नाही. कारण हे खरे आहे की, गेली कित्येक वर्षे आम्ही आणि आमच्या गट कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी सभासदांपुढे फॉर्म ठेवले आणि "इथं सही करा, बाकी आम्ही भरतो" असे सांगितले. फॉर्मवर काय आहे हे वाचून दाखविण्याचे कष्ट घेतले नाहीत. आम्ही नानांना एवढेच सांगू शकलो की, हिशेब वार्षिक अहवालात छापलेला असतो आणि तो सर्वसाधारण सभेआधी घरी येतो. नाना म्हणाले, "येतो. आमची सून त्याच्यावर शेवया वाळवती."

त्यात सुनेचा दोष नाही. जो अहवाल कोणी समजावून दिला नाही, तो कागदच राहतो.

दहाव्या लेण्याच्या पुढील भागात आणखी एक लेख आहे. तो त्यानंतर बऱ्याच काळाने, अभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीत कोरलेला. विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी गोवर्धनातल्या श्रेणींकडे ठेव ठेवली. त्यात तेल गाळणाऱ्यांची श्रेणी होती, आणि एक होती तिचा अर्थ अभ्यासक पाण्याची यंत्रे करणारे असा लावतात. आमच्याबरोबरच्या एका ताईंना हा लेख फार आवडला. त्यांच्या नावावर शेअर आहे. पण सभेला त्यांचे यजमान जातात. त्या म्हणाल्या, "त्या बाईचं नाव दगडावर राहिलं. आमचं नाव शेअर दाखल्यावर असून आम्ही सभेला नाही." पुढील सभेला येईन असे त्यांनी बसमध्ये सर्वांसमक्ष सांगितले आहे. आम्ही वाट पाहत आहोत.

तीन क्रमांकाच्या लेण्यातली हकीकत तर थेट आपल्या खात्याची. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी, या भिक्षूंना काखडी गावातले दोनशे निवर्तने शेत दिले. निवर्तन हे जमिनीचे जुने माप. हे शेत आधी उषवदाताकडे होते. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी राजाला दुसरी आज्ञा काढावी लागली. कारण ते शेत कोणी कसत नव्हते आणि गावात वस्ती राहिली नव्हती. म्हणून त्या बदल्यात नगराच्या हद्दीवरचे शंभर निवर्तने सरकारी शेत देण्यात आले.

आम्ही शेतकी पदविका घेऊन या नोकरीत आलो तेव्हा वाटे की, जमीन नावावर झाली की शेतकरी झाला. या लेखाने राजाची ऐट जशीच्या तशी ठेवून एक चूक कबूल केली आहे. कसणारे हात नसतील तर दोनशे निवर्तने कागदावर राहतात. कसणारे असतील तर शंभरही पुरतात. आणि चूक दगडात कोरायला तो राजा लाजला नाही.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

१. पाऊस संपल्यावर, आश्विनापासून माघापर्यंत जावे. गोंदेश्वर सकाळी, पांडवलेणी दुपारनंतर. सूर्यास्ताआधी खाली उतरावे.

२. पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे. पायात चप्पल घट्ट असावी. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी थांबावे, गोंदेश्वर मात्र चुकवू नये.

३. कोरीव कामावर तेल, शेंदूर, हळद लावू नये. खिळ्याने नावे कोरू नयेत. तेथे ज्यांची नावे आहेत त्यांनी काही दिले म्हणून आहेत.

४. नांगरट, सपाटीकरण किंवा विहीर खोदताना कोरीव दगड, वीरगळ, नाणी, ताम्रपट सापडल्यास ते पायरीला वा बांधाला लावू नयेत, विकूही नयेत. जमिनीत मिळालेल्या मौल्यवान वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी असा १८७८ चा कायदा आहे.  आमच्या बसमधील एका सभासदाने परतताना हळूच सांगितले की, त्याच्या बांधावर घोड्यावरच्या वीराचा दगड उलटा पडलेला आहे. दुसऱ्या रविवारी आम्ही चौघे गेलो, तो सरळ केला, फोटो काढला आणि तलाठी कार्यालयात अर्ज दिला.

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. नाना पुढच्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, पुढल्या खेपेला जिथं न्याल तिथं येतो. पण त्याच्या आधी तो अहवाल एकदा वाचून दाखवा."

त्याप्रमाणे सर्वसाधारण सभेच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक गट कार्यालयात सायंकाळी वार्षिक अहवालाचे वाचन करण्याचे आमच्या विभागाने ठरविले आहे. ठेवी, त्यांवरील व्याज, भाग भांडवल आणि ऊस विकासावरील खर्च ही पाने आम्ही स्वतः वाचून दाखवू. बोटांवर हिशेब करणाऱ्यांनी अवश्य यावे. भगिनी सभासदांनी तर यावेच. पुढील सिन्नर सहलीची नावेही त्याच वेळी गटप्रमुखांकडे नोंदवावीत, ही विनंती.